नाव पाटील, पण पीआरएन कुठला?

आपल्या मेसमध्ये ‘ए पाटील!’ अशी हाक मारून बघा. निम्मी मेस मान वर करते! म्हणूनच ऑफिसमधले काका आधी पीआरएन विचारतात. नाव दोघांचं सारखं असू शकतं, रूम नंबर दरवर्षी बदलतो, पीआरएन मात्र ॲडमिशनपासून शेवटच्या मार्कशीटपर्यंत तोच. क्लाऊडवरच्या सर्व्हरचंही असंच आहे. हे वेळेवर न समजल्यामुळे आमच्या ग्रुपला दणका बसला, म्हणून हा लेख.

फायनल इयर प्रोजेक्टसाठी आम्ही हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीवर सेन्सर बसवला होता. त्याची रीडिंग्ज क्लाऊडवरच्या सर्व्हरवर जमा व्हायची. मध्ये ट्रायलसाठी दुसरा सर्व्हर घेतला आणि आळसापोटी त्यालाही नाव दिलं ‘प्रोजेक्ट’. सबमिशनच्या आदल्या रात्री, बिल वाढू नये म्हणून, आमच्यातल्या एकानं ट्रायलचा सर्व्हर कायमचा काढून टाकला. सकाळी बघतोय तर उडाला होता खरा सर्व्हर! दीड महिन्याची रीडिंग्ज गेली. ‘भावा, नाव तर तेच होतं की!’ एवढंच तो म्हणत राहिला. चूक त्याची एकट्याची नव्हती, आम्हा चौघांची होती.

आता मुद्द्याचं. ॲमेझॉनच्या क्लाऊडचं उदाहरण घेऊ. तिथं भाड्यानं घेतलेल्या एका आभासी कॉम्प्युटरला ‘इन्स्टन्स’ म्हणतात. त्याच्या तीन ओळखी असतात.

१) नाव : हे फक्त आपण चिकटवलेलं लेबल. दहा इन्स्टन्सना एकच नाव दिलं तरी कोणी अडवत नाही.

२) पब्लिक आयपी ॲड्रेस : म्हणजे रूम नंबर. वेगळा कायमचा ॲड्रेस घेतला नसेल, तर इन्स्टन्स बंद करून पुन्हा चालू केला की हा बदलतो.

३) इन्स्टन्स आयडी : हा पीआरएन. इन्स्टन्स जन्मल्यापासून कायमचा काढून टाकेपर्यंत बदलत नाही. सुरुवातीला ‘आय’ हे अक्षर, मग आडवी रेघ आणि पुढे हेक्साडेसिमलची १७ चिन्हं. पूर्वी ८ च असायची. १६ चा आठवा घात म्हणजे सुमारे ४२९ कोटी. तेवढे आकडे पुढे पुरणार नाहीत, म्हणून २०१६ मध्ये लांब आयडी सुरू झाले.

हा आयडी शोधायचा कसा?

बाहेरून : वेबवरच्या कन्सोलमध्ये इन्स्टन्सची यादी उघडा, आयडीचा वेगळा रकाना दिसेल. यादी रिकामी दिसली तर घाबरू नका, आधी वर कोपऱ्यात रीजन तपासा. भारतात मुंबईचं रीजन २०१६ पासून आणि हैदराबादचं २०२२ पासून आहे. मुंबईत घेतलेला इन्स्टन्स हैदराबादच्या यादीत दिसणार नाही.

आतून : सर्व्हरवर लॉगिन केलंय, पण हा नक्की कुठला तेच कळत नाही, तेव्हा सर्व्हरलाच विचारायचं. १६९.२५४.१६९.२५४ हा ॲड्रेस फक्त इन्स्टन्सच्या आतूनच उत्तर देतो. आधी ‘पुट’ रिक्वेस्ट पाठवून टोकन घ्यायचं. ते जास्तीत जास्त सहा तास चालतं. मग ते टोकन हेडरमध्ये घालून मेटाडेटातला इन्स्टन्स आयडी मागायचा. ‘कर्ल’च्या दोन ओळींत काम होतं.

टोकनची भानगड कशाला? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेची सुमारे १० कोटी अमेरिकन लोकांची माहिती चोरीला गेली. चुकीच्या सेटिंगच्या फायरवॉलला फसवून चोरानं याच ॲड्रेसवरून आतल्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकनची पद्धत आली. मायक्रोसॉफ्ट आणि गूगलच्या क्लाऊडमध्येही ॲड्रेस हाच आहे, पण तिथं टोकनऐवजी ठरावीक हेडर लागतो.

एक सूचना : आयडी हातानं फाइलमध्ये लिहून ठेवू नका. त्या सर्व्हरची इमेज काढून नवा इन्स्टन्स बनवला, तर नव्याच्या खिशात जुन्याचं आयकार्ड राहतं. दरवेळी सर्व्हरलाच विचारा.

आमच्या ग्रुपनं आता तीन नियम केलेत. काही काढून टाकायच्या आधी आतून आयडी विचारायचा. तो कन्सोलमधल्या आयडीशी दोघांनी ताडून बघायचा, एकानं वाचायचा आणि दुसऱ्यानं बोट ठेवायचं. आणि खऱ्या सर्व्हरवर टर्मिनेशन प्रोटेक्शन चालू ठेवायचं, कारण इन्स्टन्स काढला की त्याची मूळ डिस्कही, सेटिंग बदललेलं नसेल तर, सोबत पुसली जाते.

ज्युनिअर्सनो, नाव कितीही झकास ठेवा. पण बटण दाबण्याआधी पीआरएन विचारा!