शिंपटी, विहीर आणि श्याम

प्रश्न : ‘श्यामची आई’ मुलांना वाचून दाखवताना पोहण्याच्या प्रसंगाशी मी अडखळते. तो मार क्रूरपणा नाही का? – एक वाचक, लोहारदा (जि. देवास)

उत्तर : अडखळलात ते बरोबरच. पाण्याला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि विहिरीकडे धाडते. आज कुठल्याही मुलाला असं शिकवू नये. पण साने गुरुजी तिथेच थांबत नाहीत. रागावलेल्या मुलाला आई नंतर जवळ घेते, आपण का मारलं ते सांगते. मुलाला भित्रा म्हणून कुणी हिणवू नये, ही तिची तळमळ त्याच्यापर्यंत पोचते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही आठवण मोठा झालेला श्याम सांगतो आहे. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी आईविषयीच्या कृतज्ञतेने हे पुस्तक लिहिलं. त्या क्षणी थरथरणाऱ्या पोराचं म्हणणं आपल्याला थोडंच ऐकू येतं.

ते म्हणणं ऐकायचं तर नेमाड्यांची ‘कोसला’ (1963) ही कादंबरी वाचा. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या घरात वडिलांचा वचक आहे, पण मागाहून जवळ घेणं नाही. पुण्यात शिक्षण फसून तो आपल्या गावी, सांगवीला परततो, तेव्हाही बापलेकांतली दरी तशीच राहते. माझ्या मते मुलाला अधिक खोल जखम होते ती या अबोल्याने.

म्हणून प्रसंग गाळू नका. वाचून झाल्यावर मुलांना विचारा : श्यामला तेव्हा काय वाटलं असेल? आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका.