एक रुंद पडदा की दोन पडदे?



लेखनाच्या मेजावर पूर्वी दौत, टाक, टीपकागद आणि दोनचार पुस्तके एवढाच पसारा असे. आज त्याच मेजाचा मोठा भाग संगणकाच्या पडद्याने व्यापला आहे. हा पडदा अपुरा पडू लागला की एक प्रश्न हमखास उभा राहतो : एकच, पण लांबरुंद पडदा घ्यावा, की नेहमीच्या मापाचे दोन पडदे शेजारी शेजारी मांडावेत? दुकानदारास विचारावे तर तो आपल्याजवळचा माल दाखवितो. मित्रास विचारावे तर तो स्वतःच्या मेजावर जे आहे त्याचीच वाखाणणी करतो. तुमच्यापैकी अनेकांना शाळा सोडल्यावर केव्हा ना केव्हा हा निर्णय करावा लागेल, आणि त्यासाठी लागणारा पैसा बहुधा आईवडिलांच्या कष्टाचा असेल. शिवाय चुकीच्या मांडणीचा दंड केवळ पैशात भरून भागत नाही. तो मान आणि डोळे यांना वर्षानुवर्षे भरावा लागतो. म्हणून थोडे गणित, थोडे शरीरशास्त्र आणि थोडा इतिहास यांच्या साहाय्याने या प्रश्नाचा आपण विचार करू.

प्रथम मापे पाहू. पडद्याचे माप म्हणून जो इंचांचा आकडा सांगतात तो रुंदीचा नसतो आणि उंचीचाही नसतो. तो कर्णाचा असतो. पायथागोरसचा सिद्धांत तुम्ही भूमितीत शिकलाच आहात. त्याचा उपयोग येथे करावयाचा. नेहमीच्या पडद्याची रुंदी व उंची १६ : ९ या प्रमाणात असते. त्यावरून २४ इंची पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर आणि उंची जवळजवळ ३० सेंटिमीटर येते. ज्यास अल्ट्रावाइड म्हणतात त्या रुंद पडद्याचे प्रमाण साधारण २१ : ९ असते. असे पडदे २०१२ च्या सुमारास बाजारात दिसू लागले. त्यांपैकी ३४ इंची पडदा सुमारे ८० सेंटिमीटर रुंद व ३३ सेंटिमीटर उंच असतो. आता गंमत पाहा. नेहमीच्या प्रमाणातील २७ इंची पडद्याची उंचीही ३३ सेंटिमीटरांहून किंचित अधिकच असते. म्हणजे २७ चे ३४ इंच झाले तरी उंचीत काडीचीही भर पडत नाही. वाढते ती केवळ रुंदी. २९ इंची रुंद पडद्याची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. त्याची उंची २८.६ सेंटिमीटर, म्हणजे साध्या २४ इंची पडद्याहूनही कमी. आकडा मोठा, पण पान लहान!

क्षेत्रफळ काढले तर दोन २४ इंची पडद्यांचे मिळून सुमारे ३१७५ चौरस सेंटिमीटर भरते, तर एका ३४ इंची रुंद पडद्याचे सुमारे २६५०. जागा दोन पडद्यांवर अधिक मिळते हे उघड आहे. तथापि रुंद पडद्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पडद्यावरील चित्र बारीक बिंदूंचे बनलेले असते. सर्वसाधारण २४ इंची पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० बिंदू असतात, म्हणजे एका इंचात सुमारे ९२. चांगल्या ३४ इंची रुंद पडद्यावर हेच आकडे ३४४० व १४४० असतात आणि इंचात सुमारे ११० बिंदू बसतात. इंग्रजी अक्षरांपेक्षा देवनागरीस याचे महत्त्व अधिक आहे. रफार, अनुस्वार, जोडाक्षरांतील अर्धी अक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ उकार या साऱ्या बारीक खुणा आहेत. बिंदू विरळ असले की अक्षर फुटते आणि डोळ्यांस ताण पडतो.

आता पाहणाराकडे वळू. आपला हात समोर पूर्ण लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. ते नख जेवढे दिसते, जवळजवळ तेवढ्याच भागात, म्हणजे सुमारे दोन अंशांच्या कोनात, आपली दृष्टी खऱ्या अर्थाने तीक्ष्ण असते. बाकीचे सारे दृश्य आपणांस अंधूकच दिसते. डोळा सतत फिरत असल्यामुळे ते आपल्या लक्षात येत नाही. वाचताना डोळे मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंस सुमारे पंधरा ते वीस अंश सहज फिरतात. त्यापलीकडे पाहावयाचे झाल्यास मान वळवावी लागते. पडदा डोळ्यांपासून एका हाताच्या अंतरावर, समजा ७० सेंटिमीटरांवर, ठेवला तर मान न वळवता वाचता येणारा पट्टा सुमारे ४० ते ५० सेंटिमीटर रुंद ठरतो. म्हणजे एका २४ इंची पडद्यानेच तो भरून जातो! त्यापुढची सारी जागा, मग ती रुंद पडद्याची टोके असोत की दुसरा पडदा असो, मानेच्या श्रमावर मिळते.

यावरून मांडणीचा पहिला नियम निघतो : जे काम मुख्य, ते नाकासमोर. दोन पडदे घेणारे पुष्कळ लोक ते अगदी सारखे मांडून मधोमध बसतात. त्यामुळे जेथे डोळ्यांस सर्वांत कमी श्रम, नेमकी तेथेच दोन पडद्यांच्या कडा येतात, आणि माणूस दिवसभर कधी डावीकडे तर कधी उजवीकडे मान वळवून काम करतो. दोन्ही पडद्यांवर समसमान काम असेल तरच ही मांडणी योग्य. एरवी एक पडदा समोर आणि दुसरा बाजूला, किंचित आपल्याकडे वळवून ठेवावा. रुंद पडद्यात मधोमध कड येत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याची टोके मध्यापेक्षा दूर पडतात. ७० सेंटिमीटरांवरून पाहिल्यास सपाट ३४ इंची पडद्याचे टोक डोळ्यांपासून ८० सेंटिमीटरांवर असते. हे अंतर कमी करण्यासाठीच असे बरेच पडदे आतल्या बाजूस वाकविलेले असतात. त्यांवर ‘१८००आर’ असे लिहिलेले दिसले तर त्या वक्राची त्रिज्या १८०० मिलिमीटर आहे असे समजावे. पडदा कोणताही असो, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत वा किंचित खाली असावी.

संगणकाच्या मेजावरचा हा वाद तसा नवा नाही. चित्रपटगृहांत तो पूर्वीच होऊन गेला आहे. १९५२ साली न्यूयॉर्क येथे ‘सिनेरामा’ नावाची पद्धती लोकांपुढे आली. तीत तीन प्रक्षेपकांतून तीन चित्रे एका प्रचंड वक्राकार पडद्यावर शेजारी शेजारी टाकली जात. भव्यता अपूर्व होती. पण चित्रे जेथे मिळत ते सांधे प्रेक्षकांना दिसत, आणि तीन यंत्रे बरोबरीने चालविण्याचा खटाटोप व खर्च मोठा होता. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, ‘द रोब’ या चित्रपटाने ‘सिनेमास्कोप’ पद्धती आली. हिच्यात एका विशिष्ट भिंगाने रुंद दृश्य नेहमीच्या फितीवर आडवे आकसून घेत आणि दाखविताना तशाच भिंगाने ते पुन्हा पसरीत. एकच यंत्र, एकच चित्र, आणि सांधा नाही. आपल्या देशातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे १९५९ चा ‘कागज के फूल’. त्याचे दिग्दर्शक गुरुदत्त हे कोंकणीभाषी कुटुंबातले होते. चित्रपटगृहांत सिनेमास्कोपची सरशी झाली, याचे कारण स्पष्ट आहे : प्रेक्षक तेथे एकच अखंड दृश्य पाहावयास येतो. अखंड दृश्यास सांधा खपत नाही.

मग मेजावरही रुंद पडद्याचीच सरशी का मानू नये? कारण मेजावरचे काम नेहमीच अखंड नसते. येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. आपले काम एक आहे की दोन, हे आधी ठरवावे. चित्रफितींचे संपादन करणारा, ध्वनिमुद्रणाचे अनेक पट्टे एकाखाली एक लावणारा, बारा महिन्यांचे रकाने एका दृष्टिक्षेपात पाहू इच्छिणारा हिशेबनीस, मोठा नकाशा वाचणारा अभ्यासक, या सर्वांचे काम डावीकडून उजवीकडे सलग पसरते. त्यांच्या मधोमध चौकटीची कड आली तर काम तुटते. त्यांनी रुंद पडदाच घ्यावा.

याउलट भाषांतरकार, मुद्रितशोधक, टिपणे काढणारा विद्यार्थी यांच्यापुढे नेहमी दोन वस्तू असतात : एक मूळ आणि एक आपली. आपल्या वार्षिक अंकासारख्या अंकाचे उदाहरण घ्या. विद्यार्थ्याने हाताने लिहिलेल्या लेखाचे छायाचित्र एका बाजूस आणि जुळविलेला मजकूर दुसऱ्या बाजूस ठेवून ओळीला ओळ लावावी लागते. दुसरा पडदा उभा करून ठेवण्याची सोय असेल तर त्याची उंची ५३ सेंटिमीटर होते आणि ए-४ आकाराचे संपूर्ण पान, जे २९.७ सेंटिमीटर उंच असते, खऱ्या मापात दिसून वर जागा उरते. आडव्या २४ इंची पडद्यावर तेच पान जेमतेम मावले असते, पण वरच्या व खालच्या पट्ट्या जागा खातात. ३४ इंची रुंद पडद्यावर अशी दोन पाने शेजारी शेजारी आरामात बसतात हेही खरे. पण पट्ट्यांसाठी उंचीत साडेतीन सेंटिमीटरच उरतात.

गोव्यात या कामास आणखी एक पदर आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने तेथे देवनागरी लिपीतील कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या उपयोगासही त्या कायद्याने वाव ठेवला. त्यामुळे कोंकणीतून मराठीत आणि मराठीतून कोंकणीत मजकूर नेण्याचे काम तेथे अनेकांना करावे लागते. दोन्ही भाषांची लिपी एकच. एका सलग पडद्यावर हे दोन मजकूर चिकटून ठेवले की दृष्टी एकातून दुसऱ्यात घसरते, आणि ‘हवे’ या अर्थाचे कोंकणी ‘जाय’ मराठी वाक्यात केव्हा शिरते याचा पत्ता लागत नाही. चित्रपटात जो सांधा दोष ठरला तोच येथे शेताच्या बांधाप्रमाणे उपयोगी पडतो. अलीकडे मूळ कोणते आणि पलीकडे आपले कोणते, हे तो क्षणोक्षणी सांगत असतो.

व्यवहाराच्या चार गोष्टीही ध्यानात घ्याव्यात. सर्वसाधारणपणे दोन साधे २४ इंची पडदे चांगल्या ३४ इंची रुंद पडद्याहून स्वस्त पडतात. घरात जुना पडदा असेल तर एकच नवा घेऊन भागते. दोहोंपैकी एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहते. परंतु दोन पडद्यांना दोन जोडतारा, वीजपुरवठ्याच्या दोन जागा आणि संगणकास दोन जोडण्या लागतात. रुंद पडद्यास तार एकच पुरते. मात्र जुन्या संगणकास ३४४० बिंदूंची रुंदी पेलेल की नाही याची आधी चौकशी करावी. दूरस्थ वर्गात शिकविणाऱ्यांना व शिकणाऱ्यांना आणखी एक भेद जाणवतो. दोन पडद्यांपैकी एकच इतरांना दाखविता येतो आणि टिपणे आपल्यापुरती दुसऱ्यावर राहतात. संपूर्ण रुंद पडदा दाखविला तर साध्या पडद्यावर पाहणाऱ्यास वरखाली काळे पट्टे आणि मधे बारीक अक्षरे दिसतात.

शेवटी एक इशारा. दुसरा पडदा रिकामा राहिला की त्यावर संदेश, खेळ आणि चलच्चित्रे येऊन बसतात. रुंद पडद्याच्या मोकळ्या टोकांचीही तीच गत होते. ज्याचे काम एकाच पुस्तकाचे वा एकाच निबंधाचे आहे, त्यास एक चांगला, योग्य उंचीवर ठेवलेला साधा पडदा पुरेसा आहे. त्याने दोहोंपैकी काहीच न घेणे हाही एक विचारपूर्वक केलेला निर्णयच होय.

ज्यांना गरज आहे, त्यांच्यासाठी माझे मत असे : काम सलग पसरणारे असेल तर एक रुंद पडदा, मूळ आणि नक्कल यांचा मेळ घालण्याचे असेल तर दोन पडदे, मुख्य समोर व दुसरा बाजूस. विद्यार्थ्याचे काम बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे असते, म्हणून त्यास दोन साधे पडदेच अधिक लाभतील.

माझ्या शब्दावर मात्र विसंबू नका. जुनी वर्तमानपत्रे घ्या. ८० × ३३ सेंटिमीटरांचा एक तुकडा आणि ५३ × ३० सेंटिमीटरांचे दोन तुकडे कापा. ते पुठ्ठ्यावर चिकटवून आपल्या मेजावर आळीपाळीने उभे करा, हातभर अंतरावर बसा आणि टोकापासून टोकापर्यंतच्या बातम्या वाचून पाहा. मेजावर वहीला जागा उरते का, खिडकीचा उजेड कोठे पडतो, मान किती वेळा वळते, हे सारे मोजून लिहून ठेवा. या प्रयोगास रद्दीचे चार कागद आणि एक संध्याकाळ एवढाच खर्च येतो. पैसे मोजण्यापूर्वी तो अवश्य करावा.