धूर थांबल्यानंतर शरीरात काय घडते

धूम्रपान सोडल्याबद्दल रुग्णाचे अभिनंदन करावे, तर तो उलट तक्रारच मांडतो, हा अनुभव छातीविकार तपासणाऱ्यांना नवा नाही. खोकला वाढला, तोंड आले, झोप उडाली, पोट साफ होत नाही. ‘ओढत होतो तेव्हाच बरा होतो’ हे वाक्य तर ठरलेलेच. या तक्रारी काल्पनिक नसतात. त्यांचा उलगडा वेळीच झाला नाही, तर हाच रुग्ण दोन आठवड्यांत पुन्हा पानठेल्यावर उभा राहतो, आणि मग पुढचा प्रयत्न करण्याची त्याची हिंमत उरत नाही. म्हणून हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

धूर सोडणारे सारेच तंबाखू सोडतात असे नाही. पुष्कळजण केवळ साधन बदलतात. महाविद्यालयीन वयातील मुले आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडे राहून आलेली मंडळी ई-सिगारेटकडे वळतात. आपल्या विदर्भात मात्र बिडी सुटली की हातात येतो तो खर्रा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के आढळले, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्यांचे २४.४ टक्के. आपल्याकडील बदलाची दिशा या दोन आकड्यांवरून ध्यानात यावी.

प्रथम ई-सिगारेटविषयी. या उपकरणाचा आजचा प्रकार चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तयार केला. त्यात काही जळत नाही. प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या द्रावात निकोटीन व सुगंधी द्रव्ये मिसळून ते विजेरीवर तापविले जाते आणि त्याची वाफ ओढली जाते. ज्वलन नसल्यामुळे डांबर व कार्बन मोनॉक्साइड टळतात, हे खरे. सिगारेट पूर्णपणे थांबली तर रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांतच उतरतो. परंतु प्रोपिलिन ग्लायकॉल व ग्लिसरीन ही दोन्ही द्रव्ये पाणी शोषून घेणारी आहेत. त्यामुळे तोंड व घसा कोरडा पडणे, खवखव, कोरडा खोकला या तक्रारी पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा निरोगी माणसाच्याही घशाला कोरड पडते, तेव्हा त्यांची तीव्रता किती वाढत असेल हे सांगावयास नको. लाळ कमी झाली की दात किडण्याची व हिरड्या दुखावण्याची शक्यताही वाढते.

डोकेदुखी, मळमळ, उचकी, छातीत धडधड ही लक्षणे मात्र बहुधा निकोटीन जास्त झाल्याची असतात. सिगारेट संपते तेव्हा माणूस थांबतो. वाफेच्या उपकरणाला असा शेवट नाही. शिवाय नव्या उपकरणांत निकोटीन क्षाररूपात असते. ते घशाला बोचत नाही, म्हणून किती ओढले याचा अंदाज राहत नाही. याउलट चिडचिड, बेचैनी, निद्रानाश, वारंवार भूक लागणे ही निकोटीन कमी पडल्याची लक्षणे होत. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. एकाच रुग्णात सकाळी कमतरतेची व रात्री अतिरेकाची लक्षणे दिसू शकतात. म्हणूनच ‘काय होते’ यापेक्षा ‘केव्हा होते’ हा प्रश्न आम्ही अधिक विचारतो.

खोकला वाढण्यामागे आणखी एक कारण असते, आणि ते चांगले आहे. श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. कफ व धूळ वर ढकलण्याचे काम ते करतात. धुराने ते मंदावलेले असतात. धूर थांबला की पुन्हा हलू लागतात आणि वर्षानुवर्षे साचलेली घाण बाहेर काढू लागतात. घर झाडावयास घेतले की आधी धूळ उडते, तसेच हे. तोंड येणे व बद्धकोष्ठ हेही सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांचेच त्रास आहेत.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख प्रामुख्याने लिहावासा वाटला, त्याकडे वळतो. तंबाखूच्या धुरातील डांबरयुक्त द्रव्ये यकृतातील एका विकराला चेतवितात. हा विकर काही औषधांचे विघटन करतो. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून ती औषधे लवकर निघून जातात आणि डॉक्टरांना नकळत मोठी मात्रा द्यावी लागते. धूर थांबला की काही दिवसांतच विकराचा वेग मंदावतो. मात्रा मात्र तीच राहते. दम्याच्या व जुनाट श्वासविकाराच्या रुग्णांना दिले जाणारे थिओफिलिन हे याचे ठळक उदाहरण. धूम्रपान थांबल्यावर आठवडाभरात त्याचा निचरा साधारण एक तृतीयांशाने घटू शकतो. मळमळ, हात कापणे, नाडी जलद होणे, झोप न लागणे, आणि मात्रा फारच वाढली तर हृदयाची लय बिघडणे वा झटके येणे, अशी त्याची चढती भाजणी आहे. डेरिफायलिनची गोळी आपल्याकडे इतकी घरोघरी पोहोचली आहे, की पुष्कळ रुग्ण ती ‘औषध’ म्हणून सांगतही नाहीत. मनोविकारांवरील क्लोझापिन व ओलान्झापिन यांच्या बाबतीतही हेच घडते.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे. म्हणून ई-सिगारेट, खर्रा वा निकोटीनचे च्युइंगम घेत असले तरी विकर मंदावतोच. चहा-कॉफीतील कॅफिनही याच मार्गाने बाहेर पडते. दिवसाकाठी आठ-दहा कप चहा पिणाऱ्याच्या रक्तातील कॅफिन धूर थांबल्यावर जवळपास दुप्पट होऊ शकते. मग धडधड व जागरण यांचे खापर सिगारेट सोडण्यावर फुटते. चहा निम्मा करा, एवढ्या साध्या सल्ल्याने कित्येकांची झोप परत येते.

इंग्लंडमध्ये सिगारेट सोडविण्यासाठी ई-सिगारेटचा उपयोग केला जातो आणि तो परिणामकारक ठरल्याचे अभ्यासही आहेत, असा युक्तिवाद सुशिक्षित रुग्ण करतात. तो चुकीचा नाही. पण तेथे द्रावातील निकोटीनवर दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने व त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. म्हणजे येथे मिळते ती वस्तू चोरट्या मार्गाने आलेली. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. २०१९-२० मध्ये अमेरिकेत वाफ ओढणाऱ्यांत फुप्फुसविकाराची जी साथ आली, तीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यू नोंदविले गेले. तिचा प्रमुख संबंध अनधिकृत मार्गाने मिळालेल्या गांजायुक्त द्रावांतील व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला, हे या संदर्भात ध्यानी घेण्याजोगे आहे.

खर्ऱ्याकडे वळलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना त्रास होत नाही, हाच धोका. निकोटीन पुरेपूर मिळत असल्याने चिडचिड नाही, खोकलाही कमी होतो, आणि घरचे समाधानी असतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी पन्नीत घोटून दिला जाणारा सुपारी, तंबाखू व चुन्याचा हा मेळ टिकून राहिला. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला आहे. तिच्यामुळे गालाचे अस्तर आतून ताठरते. प्रथम तिखट सोसत नाही, मग जबडा उघडेनासा होतो. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तपासणी पुढे ढकलू नये. हा ताठरपणा सहसा मागे फिरत नाही. फुप्फुस वाचविण्याच्या नादात तोंड गमावले, असे तेथे घडते.

निकोटीनचे च्युइंगम हा कायदेशीर व तपासलेला मार्ग आहे. पण खर्ऱ्याची सवय असलेले ते खर्ऱ्यासारखेच सतत चघळतात आणि रस गिळतात. मग उचकी लागते, पोटात जळजळते, आणि ‘गोळी मानवत नाही’ असे ठरते. ते सावकाश चावून, चुणचुण जाणवताच गालात दाबून ठेवावयाचे असते, व त्याआधी पंधरा मिनिटे चहा घ्यावयाचा नसतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर २ ऐवजी ४ मिलिग्रॅमची मात्रा लागते.

सोडण्याचा दिवस ठरविण्यापूर्वी चालू असलेल्या साऱ्या गोळ्या, अगदी ‘दम्याची साधी गोळी’ देखील, पिशवीत घालून बाह्यरुग्ण विभागात आणाव्यात. ज्यांना येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. थुंकीत रक्त, ताप, वजन घटणे, छातीत दुखणे किंवा चार आठवड्यांनंतरही न हटणारा खोकला असेल, तर तो सोडल्याचा परिणाम समजून थांबू नये. छातीचे क्ष-किरण चित्र व थुंकीची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.