व्हर्सायचा आरसेमहाल

पॅरिस शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे २० किलोमीटर अंतरावर व्हर्साय नावाचे गाव आहे. तेथील राजवाडा पाहण्यासाठी जगाच्या कानाकोपऱ्यांतून दरवर्षी लाखो प्रवासी येतात. सोनेरी मुलाम्याचे उंच फाटक दृष्टीस पडताच नवागताचे डोळे दिपून जातात.

इ. स. १६२३ मध्ये तेराव्या लुई राजाने येथे शिकारीसाठी एक लहानसा वाडा बांधविला. त्याचा पुत्र चौदावा लुई याने त्याच जागी हजारो मजुरांच्या श्रमांतून हा विशाल राजवाडा उभारला आणि १६८२ मध्ये आपला दरबार येथे आणला.

एकामागून एक दालने पाहत प्रवासी आरसेमहालात येतो. हे दालन ७३ मीटर लांब आहे. त्याच्या एका बाजूस उद्यानाकडे उघडणाऱ्या १७ कमानदार खिडक्या असून त्यांच्यासमोर तितक्याच कमानींत ३५७ आरसे बसविलेले आहेत. त्या काळी मोठे आरसे फार मौल्यवान असत. मावळत्या सूर्याचे किरण आत येताच सारे दालन उजळून निघते. येथील मेजे व दिवठाणीसुद्धा एके काळी चांदीची होती. परंतु युद्धाचा खर्च भागेना, तेव्हा १६८९ मध्ये राजाने ती वितळवून तिची नाणी पाडविली.

उद्यानातील कारंज्यांची कथाही अशीच आहे. सेन नदीचे पाणी उंचावर चढविण्यासाठी १४ प्रचंड चाकांचे यंत्र बसविण्यात आले. तरीही सर्व कारंजी एकाच वेळी चालविण्याइतके पाणी मिळेना. म्हणून राजा फिरावयास निघाला, की सेवक शिटी वाजवून एकमेकांस इशारा देत. राजा जवळ येताच कारंजे उडू लागे आणि तो पुढे जाताच ते बंद होई. राजाच्या वाटेवर मात्र सदैव पाणीच पाणी दिसे!

आरशांत वैभव दिसत होते. प्रजेची भूक दिसत नव्हती. सोळाव्या लुईच्या कारकिर्दीत, १७८८ मध्ये, पीक बुडाले. पाव हे तेथील गरिबांचे रोजचे अन्न; तोच महाग झाला. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसमधील हजारो स्त्रिया पाव मागण्यासाठी भर पावसात पायी चालत व्हर्सायला आल्या. दुसऱ्याच दिवशी राजाला सहकुटुंब पॅरिसला जावे लागले. तो या वाड्यात पुन्हा कधीही परतला नाही.

पुढे १८३७ मध्ये या राजवाड्यात संग्रहालय उघडले. आता तेथे कोणी राजा राहत नाही. शाळकरी मुले, शेतकरी, कामगार असे देशोदेशींचे लोक आरसेमहालात येतात, क्षणभर थांबतात आणि समोर पाहतात. ज्या आरशांत एके काळी राजा आपले मुख पाहत असे, त्याच आरशांत आज त्यांचे चेहरे उमटतात.