थंडीपुरते माजघर



नाशिकची थंडी कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या माणसाला पहिल्या वर्षी चकवते, कारण ती दिवसा दिसत नाही. दुपारी २८ अंशांचे ऊन असते आणि पहाटे पारा १० अंशांच्या खाली गेलेला असतो. शहर पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन, भिंती आणि स्लॅब रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देतात आणि ती अडवायला ना ढग असतात, ना समुद्रावरची दमट हवा. त्यात उत्तरेचे वारे सुटले की शेजारच्या निफाडला पारा चार अंशांच्याही खाली उतरतो आणि घड वाचवण्यासाठी द्राक्षबागायतदार बागांत रात्रभर शेकोट्या पेटवतात. विदर्भातही हाच प्रकार. नागपुरात २०१८च्या डिसेंबरअखेर ३.५ अंशांची नोंद झाली होती.

म्हणजे ही थंडी रात्रीची आणि दोन-अडीच महिन्यांची. एवढ्यासाठी सबंध घर तापवण्याची यंत्रणा इथे कोणी बसवत नाही आणि तिची गरजही नाही. दिवसाने दिलेली ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवावी आणि घरातल्या माणसांना घराच्या सर्वांत उबदार भागात एकत्र आणावे, एवढ्यावर हिवाळा सुखाचा होतो.

जुन्या वाड्यांत हे बांधणीनेच साधलेले असे. दगडमातीच्या जाड भिंतींतून दिवसाची उष्णता आतल्या अंगाला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई, आणि नेमकी थंडी पडू लागली की भिंत आतून कोमट लागे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे धाब्याच्या घरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. त्याचे कामही तेच. पण खरी युक्ती माजघराची. पुढे ओसरी, मागे स्वयंपाकघर, दोन्ही अंगांना खोल्या, आणि मध्ये ही खोली. बाहेरच्या वाऱ्याला लागणारी भिंत तिला जवळपास नसेच आणि खिडकी असली तरी नावापुरती. उन्हाळ्यात ती गार राही, थंडीत उबदार. लहान मुले आणि म्हातारी माणसे तिथे निजत ती याच कारणाने.

आजच्या फ्लॅटला माजघर नसते, पण थंडीपुरते ते करता येते, आणि नव्या घरात हिवाळ्याची तयारी इथूनच सुरू करावी. बाहेरच्या बाजूला कमीत कमी भिंती असलेली, उत्तरेला खिडकी नसलेली आणि वर गच्ची नसलेली खोली शोधावी. बहुतेक घरांत ही खोली सर्वांत मोठी किंवा सर्वांत देखणी नसते. बिल्डर जिला मास्टर बेडरूम म्हणतो ती अनेकदा इमारतीच्या कोपऱ्यात असते. दोन भिंती उघड्यावर, मोठी खिडकी, शिवाय बाल्कनीचे दार, त्यामुळे जानेवारीत घरातली सर्वांत गार खोली तीच ठरते. गच्चीखालच्या मजल्यावर तर छताचा स्लॅबही रात्रभर निवत असतो. दोन महिने आतल्या लहान खोलीत झोपायला काहीच हरकत नाही. खोली बदलणे शक्य नसेल तर निदान पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढून घ्यावा. उशाशी गार भिंत असली की अंगावर कितीही पांघरले तरी मान आखडते.

संध्याकाळी घर एका खोलीत जमले तर ती खोली माणसांनीच उबदार होते. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडत असते. चार माणसे एकत्र बसली की ४०० वॉट झाले, म्हणजे लहान हीटरचे जवळपास अर्धे काम. प्रत्येकाने आपापल्या खोलीत दार लावून बसायचे आणि मग घर गार लागते म्हणायचे, हे थंडीत सोडून द्यावे. मुलांचा अभ्यास, भाजी निवडणे, आजोबांचे वाचन सगळे एका दिव्याखाली चालू शकते आणि तसे चालावेच.

आता ऊन. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास नाशिकला सूर्य पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेला सरकून उगवतो आणि भर दुपारीसुद्धा क्षितिजावर ४७ अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे वरची चौकट सात फुटांवर असलेल्या दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचे ऊन साडेसहा फूट आत येते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याच खिडकीतून ते जवळपास येतच नाही. ही फुकटची देणगी लोक ग्रिलमध्ये कुंड्या, रिकामे डबे आणि वाळत घातलेले कपडे ठेवून अडवतात. थंडीपुरती दक्षिणेची खिडकी मोकळी करावी, सकाळी ऊन आले की पडदे पूर्ण सरकवावेत, काचा पुसाव्यात. ऊन पडते तिथली सतरंजी दिवसा उचलून ठेवावी म्हणजे फरशी तापते आणि सूर्य मावळल्यावरही काही वेळ ती कोमट राहते.

तिन्हीसांजा झाल्या की उलटे करायचे. पडदे ओढायचे, सतरंजी अंथरायची. पडदा जाड, अस्तर लावलेला आणि जमिनीपर्यंत पोहोचणारा हवा. खिडकीच्या कठड्याशी संपणाऱ्या झिरझिरीत पडद्याचा थंडीत उपयोग नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना जिथे दोन पाकळ्या एकमेकींवर येतात तिथे केसाळ पट्टी असते. ती काही वर्षांत झिजते आणि वारा तिथूनच शिरतो. फट कुठे आहे ते पाहण्यासाठी वारा सुटलेल्या संध्याकाळी पेटती उदबत्ती बंद खिडकीच्या कडेकडेने सावकाश फिरवावी. धूर सरळ चढत असता एकदम आडवा झाला की फट सापडली. पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि बदलायला सुताराचीही गरज नसते. पावसाचे पाणी जाण्यासाठी खिडकीच्या खालच्या पट्टीला भोके असतात, ती कापसाने बुजवावीत आणि जूनच्या आधी आठवणीने मोकळी करावीत. दाराखालच्या फटीला जुन्या साडीत चिंध्या भरून केलेली लांब गुंडाळी पुरते.

न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघराच्या हवेच्या वाटा मात्र कधीही बुजवू नयेत. थंडीत दर वर्षी माणसे दगावतात ती केवळ गारठ्याने नाही, ऊब मिळवण्याच्या चुकीच्या मार्गानेही. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू ठेवला, किंवा निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपले, की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते, आणि झोपलेल्याला तेवढेही कळत नाही. धूर थांबलेले लाल निखारे सर्वांत फसवे, कारण ते निर्धोक दिसतात. शेगडी अंगणात, गच्चीवर, उघड्यावरच पेटवावी. याला कोणताही अपवाद करू नये, बाळासाठीही नाही आणि बाळंतिणीसाठीही नाही. झोपायच्या खोलीची वरची एखादी झडप बोटभर उघडी असावी. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा किंवा विजेचा घ्यावा.

विजेचा हीटर लागलाच तर तो खोली तापवण्यापेक्षा निजण्याआधीचा अर्धा-पाऊण तास गारठा मोडण्यासाठी वापरावा. २००० वॉटचा हीटर तासाला दोन युनिट घेतो, आणि भिंती-काचांतून ती ऊब बाहेर जातच असते. तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही, आणि पडदे-पांघरुणांपासून तीन फूट दूर ठेवावा. त्याहून गरम पाण्याची रबरी पिशवी बरी. पाणी उकळते नको. पिशवी टॉवेलात गुंडाळून निजण्याआधी अर्धा तास अंथरुणात पायथ्याशी सारून ठेवावी. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाच्या अंथरुणातून ती झोपताना काढून घ्यावी. त्याला भाजलेले कळत नाही.

पायांखालची फरशी हा शहरी घरांचा खरा शत्रू. व्हिट्रिफाइड टाइल आणि शेजारचा लाकडी पाट यांचे तापमान सारखेच असते, पण टाइल तळपायाची उष्णता भराभर ओढून घेते म्हणून ती जास्त गार लागते. सारवलेल्या जमिनीला हा दोष कमी होता. पलंगावरून उतरताना पाय जिथे पडतात, ओट्यापुढे जिथे उभे राहायचे आणि देवापुढे जिथे बसायचे, अशा जागी सतरंजी, चटई किंवा घोंगडीचा तुकडा अंथरला तरी काम भागते. घरात वापरायच्या चपला आणि मोजे यांची लाज वाटू नये.

अंथरूण-पांघरुणाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. ऊब कापडात नसते. थरांमध्ये अडकून पडलेल्या हवेत असते. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक पसरून, कडेपासून आत आत येत, दाट धावदोऱ्याने शिवलेली गोधडी म्हणूनच उबदार. ते हजारो टाके थर सरकू देत नाहीत आणि प्रत्येक थरात थोडी हवा धरून ठेवतात. वापरून मऊ झालेले सुती कापड अंगाशी लगेच जुळते, नव्या नायलॉनी ब्लँकेटसारखे गार लागत नाही. एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ बरी. अंगालगत गोधडी, वर सोलापुरी चादर, आणि कडाका वाढला की त्यावर घोंगडी.

घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. सनगर विणकर ती मागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. नवी असताना ती टोचते आणि तिला वासही असतो, म्हणून ती थेट अंगाला लागू देऊ नये. तिचा आणखी चांगला उपयोग गादीखाली. अंगाच्या भाराने गादीतला कापूस दबतो, हवा निघून जाते आणि गारठा खालून येतो. पांघरुणे वाढवत राहणाऱ्या पुष्कळांना थंडी वाजते ती खरे तर पाठीकडून. गादी जुनी असेल तर हिवाळ्याच्या तोंडी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावा; गाठी सुटलेला कापूस फुलतो आणि तीच गादी दुप्पट जाड दिसते. आठवड्यातून एकदा गाद्या-गोधड्या अकरा ते तीन उन्हात टाकाव्यात, मध्ये एकदा उलटाव्यात आणि ऊन उतरण्याआधी, कोमट असतानाच, घड्या घालून आत घ्याव्यात. उशिरा उचलल्या तर दिवसाचे श्रम वाया जातात.

प्रकाशाने खोलीचे तापमान बदलत नाही, पण माणसाचे चित्त बदलते. छताच्या मधोमध एकच पांढरी ट्यूब असली की संध्याकाळची खोली उजाड वाटते. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० चा पिवळसर बल्ब घ्यावा, ६५००चा निळसर नको, आणि तो बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, कोपऱ्यात लावावा. देवापुढचे निरांजन त्यात भर घालते. फक्त ते पडद्यापासून दूर असावे.

स्वयंपाकघर हे थंडीतले दुसरे माजघर. रात्रीचा स्वयंपाक जरा उशिरा, माणसे घरी आल्यावर करावा. तव्यावरून उतरलेली तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचे भरीत किंवा हुलग्याचे पिठले तिथेच ओट्याजवळ बसून खाल्ले की वेगळ्या शेकोटीची गरज उरत नाही. भोगीला बाजरीची भाकरी आणि वाल-गाजर-वांगी-हरभऱ्याची मिश्र भाजी करण्याची रीत याच दिवसांची आहे. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू डब्यात असावेत, पण रोज एकच.

कोरड्या हवेने ओठ आणि टाचा फुटतात. आंघोळीआधी तिळाचे तेल कोमट करून अंगाला लावावे, आणि टाचांसाठी कोकमाचे तेल, ज्याला गोव्यात भिरंडेल म्हणतात, रात्री लावून मोजे घालावेत. आंघोळीचे पाणी कढत नको. ते कातडीतला उरलासुरला ओलावाही काढून घेते. तान्ह्या बाळाला टोपरे आणि मोजे पुरतात, जड रजईखाली त्याला झाकू नये आणि तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये. म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजल्याचे उशिरा कळते, म्हणून त्यांचे हात-पाय दुसऱ्याने पाहावेत आणि पहाटेचे फिरणे ऊन आल्यावर करायला लावावे.

महाशिवरात्र झाली की रात्री सौम्य होऊ लागतात. होळीनंतर गोधड्या धुवून कडक उन्हात दोन दिवस वाळवाव्यात. घोंगडी धुण्यापेक्षा झटकून उन्हात टाकावी. ओलसर ठेवलेल्या लोकरीला कसर लागते आणि पुढच्या वर्षी ती चाळण होऊन निघते. पूर्ण वाळल्यावर सुती कापडात बांधून, मध्ये कडुलिंबाचा सुकलेला पाला घालून कपाटात वरच्या खणात ठेवावी. घरात तान्हे मूल असेल तर डांबरगोळ्या वापरू नयेत. त्यांचा वास बसलेले पांघरूण बाळाला अपायकारक असते.