टेंडरांत दर कसा काढावा

वसतिगृहास किंवा इस्पितळास कांदा पुरविण्याचें टेंडर आपल्या सोसायटीनें भरावयाचें ठरलें, कीं दुसरा कोणता दर देईल याचीच चर्चा आधीं सुरू होते. वास्तविक आरंभीं आपला खर्च पाहिला पाहिजे. समजा, साठविलेला कांदा क्विंटलास २,००० रुपये पडला. १०० क्विंटलांत ८ क्विंटल घट व सड धरिली, तर तोच खर्च ९२ क्विंटलांवर येऊन पडत २,१७४ रुपये होते. गोण्या, हमाली, गाडीभाडें, आणि बिल तीन महिने अडकल्यास त्यावरील व्याज, हें निराळेंच. हें न धरितां दर दिला, तर टेंडर मिळूनही तूट सभासदांच्या भांडवलांतून भरावी लागेल. पुढें दर परवडत नाहीं म्हणून मुदतींत माघार घेतली, तर अनामत जप्त होते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांप्रमाणें ती साधारणतः अंदाजी किंमतीच्या २ ते ५ टक्के असते.

तांत्रिक कागद व दर यांचे लखोटे निराळे मागविले असतां (आतां ते बहुधा संगणकावरूनच जातात) पहिल्यांत आवश्यक दाखला नसल्यास दुसरा बहुधा उघडलाच जात नाहीं. चिटणिसांनीं अटी स्वतः वाचाव्या. शंका मुदतीपूर्वींच लेखी विचारावी.