हायड्रोजनमध्ये स्कोप आहे, पण कुठल्या दाराने?

‘हायड्रोजनमध्ये स्कोप आहे का हो?’ असे विचारणारे पालक हल्ली बोरिवलीतही भेटतात आणि मुलुंडमध्येही. कारण उघड आहे. जानेवारी २०२३मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. २०३०पर्यंत सहा लाखांवर रोजगार मिळतील, असा अंदाज त्यासोबत आला आणि व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोचला. पण अंदाज म्हणजे भरतीची जाहिरात नव्हे. शिवाय हे रोजगार सौर-पवन प्रकल्पांपासून हायड्रोजन बनवण्यापर्यंत सगळीकडे विखुरलेले असणार. त्या हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या फ्युएल सेलच्या वाट्याला त्यातला छोटा तुकडाच येईल.

तरीही मी ‘नाही’ म्हणत नाही. या तुकड्यातले एक मोठे काम आपल्या मध्य रेल्वेवरच चालले आहे.

अंबरनाथला डीआरडीओची एनएमआरएल ही नौदलासाठी काम करणारी प्रयोगशाळा आहे. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला मधूनमधून पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते, आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूला सापडू शकते. हे टाळण्यासाठी एनएमआरएलने फॉस्फोरिक ॲसिड फ्युएल सेलची यंत्रणा विकसित केली. तिच्यात हायड्रोजन सोबत भरून न्यायचा नसतो, तो पाणबुडीतच तयार होतो. मार्च २०२१मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. एल अँड टी आणि थरमॅक्स या कंपन्यांचा त्यात सहभाग होता. डिसेंबर २०२४मध्ये ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठी सुमारे १,९९० कोटींचा करार संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी केला.

आता या कामाला माणसे कोणती लागतात ते पाहा. एक सेल जेमतेम एक व्होल्टच्या आतच वीज देतो, म्हणून शेकडो सेल एकावर एक रचून स्टॅक बांधतात. प्रत्येक थरातून वायू खेळवायचा आणि कुठेही गळू द्यायचा नाही. स्टॅकभोवती पाइप, व्हॉल्व्ह, सेन्सर, पंप आणि विजेचे कन्व्हर्टर. म्हणजे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत डोके घालणारे थोडे, आणि फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक बरेच. नावात ‘हायड्रोजन’ असलेला कोर्स शोधण्याआधी हे लक्षात घ्या.

मुलुंड, अंधेरी, बोरिवली इथे सरकारी आयटीआय आहेत. प्रवेश राज्याच्या पोर्टलवरून होतात, आणि कुठल्या संस्थेत कुठला ट्रेड आहे तेही तिथेच कळते. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हे दोन वर्षांचे ट्रेड उपनगरातल्या पालकांच्या यादीत सहसा नसतात. माझ्या मते या क्षेत्रासाठी ते कॉम्प्युटरच्या कुठल्याही झटपट सर्टिफिकेटपेक्षा उजवे. माझगाव डॉकची स्वतःची अप्रेंटिस शाळा आहे. तिथे आठवी, दहावी आणि आयटीआय पास अशा तिन्ही पातळ्यांवर भरती होते. घाटकोपरच्या मुलाने कुर्ल्याला हार्बर पकडली की डॉकयार्ड रोड. डीआरडीओच्या प्रयोगशाळाही अप्रेंटिसच्या जागा काढतात. अंबरनाथला लागली, तर सकाळी गर्दीच्या उलट दिशेने प्रवास, हा मुंबईत छोटा बोनसच!

डिग्रीकडे जाणाऱ्यांनी केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा मटेरियल्स यांपैकी एक शाखा घट्ट धरावी. पवईच्या आयआयटीत एनर्जी सायन्स अँड इंजिनिअरिंग हा स्वतंत्र विभाग आहे, पण तिथे जागा मिळाली नाही म्हणून दार बंद होत नाही. बीएस्सी केमिस्ट्रीला तर अनेक पालक ‘काहीच मिळालं नाही’ या खात्यात टाकतात. पुण्यात ऑगस्ट २०२२मध्ये केपीआयटी आणि सीएसआयआरने फ्युएल सेलवरची बस दाखवली. तिच्यामागे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांचे काम होते. बीएस्सीनंतर जॅम देऊन एमएस्सी, मग नेट आणि पीएचडी, ही वाट लांबची आहे खरी, पण अशा प्रयोगशाळांपर्यंत तीच जाते.

सुरक्षेचे शिक्षण कुणालाच टळत नाही. रिक्षातला सीएनजी २०० बारवर भरतात, बसमधला हायड्रोजन साधारण ३५० बारवर, कारमधला ७०० बारवर. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत तो पेटू शकतो, आणि त्याची ज्योत दिवसा जवळपास दिसतच नाही. एलपीजीसारखा वासही मिसळता येत नाही, कारण वास देणाऱ्या रसायनांतले गंधक सेलमधल्या प्लॅटिनमला निकामी करते. म्हणून गळती शोधणारे सेन्सर सांभाळणाऱ्याची गरज इथे कायमच राहणार.

काही आठवड्यांत ‘ग्रीन हायड्रोजन एक्स्पर्ट’ करून देणारे क्लास आता दिसू लागले आहेत. फी भरण्याआधी विचारा: मुलांना चालू स्टॅक हाताळायला मिळतो का, की नुसत्या स्लाइड? उत्तर गोलमोल आले, तर पाकीट खिशातच राहू द्या.

आणि फ्युएल सेलचा बाजार वाढायला अपेक्षेपेक्षा जास्त वर्षे लागली तर? चेंबूरच्या आरसीएफमध्ये खतासाठी अमोनिया बनवताना हायड्रोजन लागतो, माहुलच्या रिफायनऱ्यांत इंधनातले गंधक काढताना लागतो, आणि हे अनेक दशके चालू आहे. इन्स्ट्रुमेंटेशन किंवा केमिकल प्लांट शिकलेल्या मुलाला अशा ठिकाणी आजही अर्ज करता येतो, आणि तिथला अनुभव पुढे फ्युएल सेलच्या कामातही मोजला जाईल.